धापेचा इलाज उंबऱ्याच्या आत

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीत तिकीट लागत नाही आणि २०२३ पासून बायकांना अर्धेच तिकीट पडते. तरीही फुफ्फुसांच्या जुनाट आजाराने घेरलेल्या माणसाला उपचारासाठी जिल्ह्याच्या गावी जायचे म्हटले की अंगावर काटा येतो. अडचण तिकिटाची नसतेच. अडचण असते घरापासून थांब्यापर्यंतच्या चालण्याची, गाडी लागल्यावर दार गाठण्याच्या घाईची आणि दारातल्या उंच पायऱ्यांची. पहिल्या पायरीवर पाय ठेवून, दांडी घट्ट धरून, मागून येणारे ‘चला आजोबा, लवकर’ ऐकत जो उभा असतो त्याला दमाने घ्यायचे असते आणि गाडीला वेळेवर सुटायचे असते. अशा माणसाला आता सांगा, की तुमच्या धापेवर एक फार चांगला उपचार आहे, फक्त त्यासाठी आठवड्यातून दोनदा, असे आठ आठवडे, जिल्हा रुग्णालयात यावे लागेल. म्हणजे १६ खेपा, जाऊन-येऊन ३२ प्रवास. सोबतीला कोणी हवे, त्याचे १६ दिवसांचे काम बुडणार. धाप कमी करणारा उपचार मिळवायला आधी धाप सोसायची ताकद हवी, असा हा उफराटा व्यवहार आहे. हा उपचार रुग्णाच्या घरी न्यावा, आणि घरी नेल्यावरही त्याची जबाबदारी आरोग्य यंत्रणेचीच राहावी, असे माझे म्हणणे आहे. त्यातला दुसरा भाग जास्त ठासून सांगायला हवा. कारण आपल्याकडे ‘घरी करा’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘तुमचे तुम्ही बघा’ असा निघतो.

या उपचाराला फुफ्फुस पुनर्वसन म्हणतात. नाव थोडे फसवे आहे. एक तर पुनर्वसन म्हटले की मराठी माणसाला धरणग्रस्त आठवतात. दुसरे म्हणजे या उपचाराने फुफ्फुसे काही पूर्ववत होत नाहीत. यात असतो तो मोजूनमापून वाढवत नेलेला व्यायाम, श्वास कसा सोडायचा याचे शिक्षण, पंप नीट घेण्याचा सराव, खाण्यापिण्याचा सल्ला आणि त्रास वाढू लागल्याची लक्षणे वेळेत ओळखण्याची तयारी. ना महागडे औषध, ना शस्त्रक्रिया. बहुधा म्हणूनच त्याची जाहिरात करायला कोणी पुढे येत नाही. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आणि फुफ्फुसांची लवचीकता जाण्याचा आजार, हा त्याचा मुख्य उपयोगाचा प्रांत. पण क्षयातून बरे झाल्यावरही ज्यांची फुफ्फुसे चट्टे पडून आक्रसलेली राहतात, दगडाच्या किंवा कापसाच्या धुळीने ज्यांची छाती निकामी झाली, त्यांनाही तो लागू पडू शकतो. आपल्या बोलीत या सगळ्याला एकच शब्द आहे, ‘दमा’. तो वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा असला, तरी त्या घरांत रोज काय चालते ते बरोबर सांगतो.

किती घरांत? भारतातील आजारांच्या ओझ्याचा राज्यवार अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१६ मध्ये देशात सीओपीडीचे साधारण साडेपाच कोटी रुग्ण होते. १९९० मध्ये हा आकडा २ कोटी ८० लाखांच्या आसपास होता. जगाच्या लोकसंख्येतला आपला वाटा तेव्हा १८ टक्के, पण जुनाट श्वसनविकारांनी होणाऱ्या हानीतला वाटा मात्र ३२ टक्के. हा बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार, हा समजही त्याच अभ्यासाने खोडून काढला आहे. सीओपीडीमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्यापैकी निम्म्याहून अधिक वाटा प्रदूषित हवेचा निघाला, तंबाखूचा सुमारे एक चतुर्थांश. प्रदूषित हवा म्हणजे केवळ महामार्गावरची नव्हे. शेणी आणि तुराट्या घालून पेटवलेल्या चुलीसमोर बसून ज्यांनी दोन वेळच्या भाकरी थापल्या, त्यांच्या स्वयंपाकघरातलीही. उज्ज्वला योजना २०१६ साली आली. आज साठीत असलेल्या बाईची चाळीस वर्षे त्याआधीच धुरात गेली होती. या आकड्यांत क्षयाची भर घाला. जगातल्या दर चार क्षयरुग्णांतला एक भारतात आहे. क्षयाची औषधे संपली की त्या रुग्णाच्या नावापुढे ‘बरा झाला’ अशी नोंद होते. जिना चढताना त्याला थांबावे लागते, त्याची नोंद कुठेच होत नाही.

फुफ्फुसे सुधारत नसतील तर व्यायामाचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तरातच घरच्या उपचाराचे बीज आहे. या आजारात श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अवघड होते. अरुंद नळ्यांतून हवा सावकाश निघते. माणूस भराभर चालू लागला की श्वास भराभर होतो, सोडायला वेळ पुरत नाही, जुनी हवा आतच अडकते आणि त्या भरलेल्या छातीवर नवा श्वास घ्यावा लागतो. हा अनुभव इतका भयंकर असतो, की माणूस हालचालच टाळू लागतो. आधी बाजार सुटतो, मग देऊळ सुटते, मग अंगण. बसून बसून मांड्यांचे स्नायू वाळतात. वाळलेले स्नायू थोड्याशा कामानेही थकतात आणि लवकर आम्ल तयार करतात. ते आम्ल निस्तरायला शरीर आणखी हवा मागते. म्हणजे आधी धापेमुळे बसणे आणि मग बसण्यामुळे धाप. फुफ्फुसांतला बिघाड परतवता येत नसला तरी पायांतला परतवता येतो. बळकट झालेले पाय तेवढेच अंतर कमी हवेत कापतात. फुंकायच्या तपासणीतला, म्हणजे स्पायरोमेट्रीतला, आकडा आहे तिथेच राहतो आणि माणूस मात्र पुन्हा पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन येतो. ज्या उपचाराचे लक्ष्य पाय आहेत त्याला रुग्णालयाची इमारत कशाला हवी?

पुराव्याच्या बाबतीत हा उपचार बऱ्याच गाजलेल्या औषधांपेक्षा भक्कम आहे. कोक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये सीओपीडीतील पुनर्वसनाच्या ६५ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत ३,८२२ रुग्ण होते. धाप, थकवा, मनाची उभारी, रोजच्या जगण्यावरचा ताबा, या सगळ्यांत रुग्णांना स्वतःला जाणवेल इतका फरक पडला. सहा मिनिटांत चालून होणारे अंतर सरासरी ४४ मीटरने वाढले. ४४ मीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण परसाकडे किंवा नळावर जाऊन यायला एवढेच अंतर लागते. निकाल इतका स्पष्ट होता, की पुनर्वसनाचा नेहमीच्या उपचारांशी मुकाबला करणाऱ्या नव्या चाचण्यांची आता गरज नाही, असे कोक्रेनने जाहीर केले. वैद्यकशास्त्रात ‘पुरे झाले’ असे क्वचितच म्हटले जाते. पुढे २०२० मध्ये अमेरिकेतल्या मेडिकेअर विम्याखालच्या १ लाख ९७ हजार रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. सीओपीडीने रुग्णालयात दाखल होऊन घरी आलेल्यांपैकी ज्यांनी ९० दिवसांच्या आत पुनर्वसन सुरू केले, त्यांच्यात वर्षभरातले मृत्यू ७.३ टक्के होते, बाकीच्यांत १९.६ टक्के. ही चाचणी नव्हे, निरीक्षण आहे. मुळात धडधाकट असलेलेच व्यायामाला गेले असतील, ही शंका पूर्णपणे जात नाही. संशोधकांनी वय, इतर आजार वगैरे फरक हिशेबात धरल्यावरही धोका ३७ टक्क्यांनी कमी निघाला, एवढे मात्र सांगायला हवे.

याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. जवळपास दोन लाख लोकांतून वेळेत पुनर्वसनाला पोचले किती? २,७२१. म्हणजे दीड टक्काही नाहीत. तेही विमा असलेले, गाड्या असलेल्या देशातले. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा फुकट आहे आणि पुनर्वसनाची जुनी परंपराही आहे. तरी त्यांच्या २०१९ च्या दीर्घकालीन आराखड्याने कबूल केले, की पात्र रुग्णांपैकी फक्त १३ टक्क्यांना हा उपचार सुचवला जातो. म्हणजे गरिबी हे एकमेव कारण नाही. केंद्र बांधायचे आणि रुग्णाने तिथे यावे, ही रचनाच या आजाराशी विसंगत आहे. मोडलेल्या पायाचा रुग्ण कसाबसा येतो, कारण त्याला ठाऊक असते की पाय जुळेपर्यंतचाच प्रश्न आहे. धापेचा रुग्ण वर्षानुवर्षे हळूहळू आत सरकत गेलेला असतो. त्याला बाहेर काढणे हाच उपचाराचा शेवट असायला हवा, तीच आपण सुरुवातीची अट करून ठेवली आहे. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत अशी केंद्रे काढावीत ही मागणी मला मान्य आहे, पण ती पूर्ण झाली तरी चित्र फार बदलेल असे या आकड्यांवरून वाटत नाही.

घरी तेवढाच गुण येतो का, याची परीक्षा झालेली आहे. मेलबर्नमध्ये १६६ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले गेले. निकाल २०१७ मध्ये आले. एक गट नेहमीप्रमाणे आठवड्यातून दोनदा केंद्रात आला. दुसऱ्या गटाच्या घरी फिजिओथेरपिस्ट फक्त एकदा गेले आणि नंतर आठवड्याला एक, असे सात फोन केले. आठ आठवड्यांनी घरचा गट चालण्यात मागे पडला नव्हता, उलट किंचित पुढेच होता. ठरलेल्या व्यायामापैकी पुरेसा भाग पूर्ण करणारे केंद्रात ४९ टक्के होते, घरी ९१ टक्के. त्याआधी २००८ मध्ये कॅनडातल्या दहा केंद्रांनी २५२ रुग्णांवर हाच मुकाबला केला होता. तिथे रुग्णांना घरी व्यायामाची सायकल दिली होती. वर्षाअखेरीस धाप कमी होण्यात घर आणि रुग्णालय यांत फरक उरला नाही. २०२१ मध्ये कोक्रेनने फोन, व्हिडिओ वगैरे दूरच्या साधनांनी दिलेल्या पुनर्वसनाच्या १५ चाचण्या एकत्र पाहिल्या: प्रत्यक्ष येणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांनी कार्यक्रम पूर्ण केला, दूरस्थपणे घेणाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांनी. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तर रुग्णाला केंद्र किंवा दूरस्थ यांतली निवड देण्याचीच शिफारस केली. तेव्हा ‘घरचा उपचार म्हणजे दुय्यम उपचार, गरिबांसाठी चालवून घ्यायचा’ हा सूर आता सोडून द्यायला हवा.

प्रत्यक्षात घरी काय होते ते जरा जवळून पाहू. दोन खोल्यांचे घर, भिंतीला टेकवलेली एक प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायचे आणि बसायचे. पहिल्या आठवड्यात पाच वेळा जमले तर पाच. एक लिटरची पाण्याची बाटली प्रत्येक हातात धरून खांद्यापर्यंत उचलायची. हा झाला एकेक किलोचा डंबेल. उंबऱ्यावर किंवा पायरीवर चढ-उतार. आणि चालणे: अंगणात, गल्लीत, चाळीच्या लांब गॅलरीत. पहिल्या भेटीत सहा मिनिटांत किती चालता येते ते मोजतात आणि त्यावरून रोजचे चालणे ठरते. थांबून थांबून दहा मिनिटांनी सुरुवात झाली तरी हरकत नाही, जायचे असते ते आठवड्यातले पाच दिवस अर्ध्या तासाकडे. किती जोर लावायचा हे धापेला शून्य ते दहा गुण देऊन ठरते. शून्य म्हणजे धाप नाही, दहा म्हणजे जीव गेल्यासारखे. तीन-चारपर्यंत धाप लागलीच पाहिजे, ही गोष्ट रुग्णाच्या आणि घरच्यांच्या गळी उतरवणे सर्वांत कठीण. त्यांना आजवर सगळ्यांनी धाप लागेल असे काही करू नका असेच सांगितलेले असते. श्वास सोडायचा तो ओठ आवळून, सावकाश, घेण्याला लागला त्याच्या दुप्पट वेळ घेऊन. चुलीपुढे फुंकणीने घातलेली फुंकर नव्हे ही. बशीतल्या गरम चहावर घालतो ती. ज्या बायकांना पहिल्या फुंकरीने आजारी पाडले त्यांना दुसरी शिकवायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

पण मग हे सगळे एका कागदावर छापून, चित्रे काढून, रुग्णाच्या हाती दिले की काम भागेल का? इथेच घसरण सुरू होते, आणि पैसे वाचवू पाहणाऱ्या यंत्रणेला ही वाट फार मोहात पाडणारी आहे. इंग्लंडमध्ये लेस्टर येथे २८७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत घरच्या गटाला नीट तयार केलेली पुस्तिका आणि फक्त दोन फोन एवढेच मिळाले. २०१८ मध्ये आलेल्या निकालात त्यांची धाप कमी झाली खरी, पण हा मार्ग केंद्राच्या तोडीचा आहे असे ठामपणे म्हणता आले नाही. मेलबर्नचे सात फोन आणि लेस्टरचे दोन, यांची थेट तुलना कोणी केलेली नाही, आणि दोन्ही कार्यक्रमांत इतरही फरक होते. तरी माझे मत असे, की या उपचारातले खरे औषध तो दर आठवड्याचा फोन आहे. ‘या आठवड्यात किती दिवस चाललात? बुधवारी का नाही? पाहुणे होते? बरे, मग पुढच्या आठवड्यात किती वाढवू या, तुम्हीच सांगा.’ या संभाषणात हुकूम नसतो, आकडा रुग्णाने स्वतः ठरवायचा असतो आणि पुढच्या सोमवारी कोणी तरी तो विचारणार आहे याची खात्री असते. कागद कपाटावर जातो. विचारणारे माणूस इतक्या सहजी टाळता येत नाही.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. घरी व्यायाम करताना चक्कर आली, ऑक्सिजन उतरला, छातीत दुखले तर? भीती खोटी नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, थोड्या श्रमानेही छातीत दुखणारा, किंवा तोल जाऊन पडणारा माणूस घरच्या कार्यक्रमात घेऊ नये. त्यासाठी सुरुवातीला एकदा नीट तपासणी हवीच, आणि ती डॉक्टरने करायला हवी. चालताना ज्याचा ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली जातो त्याच्यासाठी वेगळा विचार लागतो. कोविडच्या लाटांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घराघरांत पोचवला, तो अशा वेळी कामी येतो. पण चाचण्यांकडे पाहिले तर, २०२१ च्या कोक्रेन आढाव्यात दूरस्थ पुनर्वसनामुळे प्रत्यक्ष केंद्रापेक्षा जास्त अपाय झाल्याचे आढळले नाही. आणि धोका तोलताना एक पारडे रिकामे ठेवून चालत नाही. सीओपीडीच्या माणसाला खुर्चीत बसवून ठेवणे हाही निर्णयच आहे. त्याचे दुष्परिणाम सावकाश होतात, त्यांवर कोणी सही करत नाही आणि त्यांबद्दल कोणाला जाब विचारला जात नाही, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप जास्त आपल्या मातीतला आहे: मेलबर्नची घरे वेगळी, आपली वेगळी. इथे दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, बाहेर गटार आणि दुचाक्या, सकाळी शेजारच्या चुलीचा धूर. हे खरे आहे, आणि म्हणूनच पहिली गृहभेट टाळता कामा नये. चालायची जागा कोणती, कोणत्या वेळी धूर नसतो, खुर्ची डगमगते का, हे केंद्रात बसून कळत नाही. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ‘त्या दिवसभर कामच करत असतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला’ असे वाटते. पण धुणेभांडी करताना श्रम कसे वाढवायचे आणि श्वास कसा राखायचा याचे नियोजन नसते, नुसती फरपट असते. याउलट पुरुषांना घरचे लोक प्रेमापोटी पूर्ण बसवून टाकतात. सून चहा हातात देते, नातू चप्पल आणून देतो, ‘बाबा, तुम्ही उठू नका’ हे आदराचे वाक्य ठरते. केंद्रातला फिजिओथेरपिस्ट रुग्णाशी बोलतो. घरी गेलेला मात्र या सुनेशी आणि नातवाशीही बोलतो. हा लाभ कुठल्याही चाचणीच्या तक्त्यात दिसत नाही. केंद्रात एका गोष्टीत नक्कीच सरशी असते: आपल्यासारखेच धापणारे आणखी सात-आठ जण भेटतात, हसणे होते, भीती जाते. ते घरी होत नाही. ज्याला जाणे शक्य आहे त्याला तो मार्ग खुला राहावा.

आता करणार कोण? आशांच्या अंगावर आधीच इतकी कामे आहेत आणि मानधनासाठी त्यांना पुन्हा पुन्हा आझाद मैदान गाठावे लागते. त्यांच्या पिशवीत आणखी एक नोंदवही सरकवून मोकळे होणे हा अन्याय होईल. म्हणून मी फोनचे काम फिजिओथेरपिस्टकडेच ठेवीन. साधा हिशेब करू. एका फोनला २० मिनिटे, दिवसातले पाच तास फोनला दिले तर १५ फोन, आठवड्याचे पाच दिवस म्हणजे ७५ रुग्ण. आठ आठवड्यांचा एक फेरा, वर्षात सहा फेरे: एका माणसाकडून साडेचारशे रुग्ण. पगार एका माणसाचा, इमारत शून्य. गृहभेट आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने करावी, सोबत आशा असावी आणि तिला त्या कामाचे पैसे मिळावेत. रुग्ण शोधायलाही नवी पाहणी नको. तीस वर्षांवरच्यांसाठी आशा जो सीबॅकचा अर्ज भरतात त्यात धाप लागते का आणि स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता हे दोन्ही प्रश्न आहेतच. उत्तरे गोळा होतात. त्यापुढे काय, याची सोय हवी. ‘हे काम गावपातळीवरच्या लोकांना जमणार नाही’ असे महाराष्ट्रात तरी कोणी म्हणू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. तेव्हाही जाणकारांनी भुवया उंचावल्याच होत्या. २०११ पासून तीच पद्धत देशभर आशांमार्फत चालते: बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा-सात भेटी, आणि त्याबद्दल आशाला ठरलेले पैसे. ४२ दिवसांच्या बाळासाठी जमते ते सत्तरीच्या आजीसाठी ५६ दिवस जमायला काय हरकत आहे?

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मेलबर्नच्या चाचणीतच, बारा महिन्यांनंतर, मिळवलेला फायदा बराचसा ओसरला होता. घरच्या गटाचाही आणि केंद्रातल्या गटाचाही. मग एवढा खटाटोप कशासाठी? पण रक्तदाबाची गोळी बंद केली की रक्तदाब चढतो, म्हणून गोळी निरुपयोगी आहे असे आपण म्हणत नाही, चालू ठेवा म्हणतो. केंद्रातला उपचार आयुष्यभर चालू ठेवणे कोणालाही परवडणारे नाही. महिन्याला एक फोन चालू ठेवणे परवडू शकते. तो किती पुरेसा पडेल हे इथल्या घरांत करूनच पाहावे लागेल, आणि पाहण्यासाठी आधी सुरू करावे लागेल. अडचण पैशाच्या वाटेची आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही योजना रुग्णालयात भरती होण्याभोवती बेतलेल्या आहेत. आयुष्मान भारतमध्ये घरी सोडल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपुरता धरला जातो. म्हणजे धाप वाढून, ऑक्सिजन लावून, खाट अडवून आलेल्या रुग्णावर शासन हजारो रुपये खर्च करायला तयार आहे. तोच रुग्ण पुन्हा येऊ नये म्हणून लागणाऱ्या सात फोनांचे आणि एका भेटीचे पैसे द्यायला या योजनांत रकानाच नाही.

तो रकाना राज्य सरकारला उघडता येईल. फुले योजनेत सीओपीडीच्या भरतीला जोडूनच आठ आठवड्यांचे घरगुती पुनर्वसन धरावे, आणि रुग्णालयाला उरलेली रक्कम सातवा फोन झाल्यावर द्यावी. सुरुवात एका जिल्ह्यात झाली तरी चालेल. तोवर वाचकांना एवढीच विनंती, की घरात पंप घेणारे कोणी असेल तर पुढच्या तपासणीला सहा मिनिटांचे चालणे मोजून घ्यायला सांगा आणि व्यायाम कोणता, किती आणि कोणाला विचारून वाढवायचा, हे त्याच चिठ्ठीवर पंपाच्या नावाखाली लिहून मागा.